सहा महिने कोशात: टसरचा पतंग आणि पानगळीचं रान

पूर्व विदर्भातल्या रानात एप्रिल महिन्यात ऐनाच्या झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर पान नजरेस पडत नाही. उघड्या फांद्या, त्यामागे पांढरंफटक आभाळ आणि पायाखाली चुरचुरणारा पाचोळा. अशा वेळी एखाद्या काटकीला करड्या रंगाचं, अंडाकृती, चार-पाच सेंटिमीटर लांबीचं काहीतरी देठानं लोंबकळताना दिसलं, तर ते फळ नव्हे. तो टसर रेशमाचा कोष. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे त्याला सरळ कोसा म्हणतात. बोटांनी दाबून बघितला तर दबत नाही. बाहेर पारा 45 अंशांच्या घरात गेलेला असतो आणि कोशाच्या आत एक जीव डिसेंबर-जानेवारीपासून अन्नपाण्याशिवाय जवळजवळ निपचित पडलेला असतो. मृगाच्या सरी येईपर्यंत तो असाच राहणार.

टसरच्या पतंगाबद्दल सांगताना बहुतेक जण पंखांपासून सुरुवात करतात. पंख आहेतच तसे देखणे. पण पंख मिळतात ते शेवटच्या आठ-दहा दिवसांसाठी. वर्षाचा हिशेब मांडला तर या प्राण्याचा मुख्य मुक्काम कोशातच असतो, आणि त्याच्या बऱ्याचशा तऱ्हा एका गोष्टीभोवती फिरतात: ज्या झाडावर तो जगतो ते झाड वर्षातले काही महिने पान धरतच नाही. हा कोरडा काळ कसा काढायचा, हा टसरपुढचा प्रश्न. कोष हे त्याचं उत्तर.

तरी आधी पतंगाची ओळख करून घेऊ, कारण पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याच्या उजेडाला आलेला हा पाहुणा बघून लोक बुचकळ्यात पडतात. मादीचे पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत 15 सेंटिमीटर किंवा त्याहून थोडे जास्त भरतात. रंग बहुधा पिवळसर किंवा करडा. नर थोडा लहान आणि तांबूस-तपकिरी. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो आणि त्या डोळ्याच्या मधोमध चक्क आरपार दिसतं. तिथे पंखावर खवलेच नसतात. सह्याद्रीत मोठा पतंग दिसला की लगेच ‘अ‍ॅटलस’ म्हणून फोटो फिरू लागतात. दोघांत फरक करणं सोपं आहे. अ‍ॅटलसच्या पंखावरच्या खिडक्या त्रिकोणी असतात, टसरच्या गोल.

शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. ब्रिटिश संग्राहक ड्रू ड्रुरी यांनी 1773 मध्ये हे नाव दिलं. त्याआधी 1758 मध्ये लिनियसनं ‘पॅफिया’ या नावानं याच गटातल्या पतंगाचं वर्णन केलं होतं, त्यामुळे पुस्तकांत दोन्ही नावं सापडतात. त्या वादात आपण पडायला नको. अ‍ॅटलस, हिरवट शेपटीवाला चंद्रपतंग आणि आसामच्या सोनेरी मुगा रेशमाचा पतंग हे सगळे टसरचे भाऊबंद, सॅटर्निडी कुळातले. घरात ट्रेमध्ये तुतीच्या पानांवर पाळला जातो तो रेशीमकिडा मात्र दुसऱ्या कुळातला. हजारो वर्षं माणसाच्या हातात राहून त्याचा पतंग उडायचंही विसरला आहे. टसरचा पतंग आजही उडतो आणि त्याची अळी आजही झाडावरच वाढवावी लागते.

आता त्या आठ-दहा दिवसांकडे येऊ. पतंग अवस्थेत टसरला खाता येत नाही. सोंड नावापुरती उरलेली असते, तिच्यातून अन्न जात नाही. अळी असताना अंगात साठवलेल्या चरबीवर हे शेवटचे दिवस काढायचे असतात. म्हणून घाई. मादी फार उडत नाही. अंग अंड्यांनी जड झालेलं असतं, ती अंधार पडल्यावर एका जागी बसून पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढते आणि गंध सोडते. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नराला लागतो, कारण त्याच्या मिशा रुंद आणि पिसासारख्या असतात. प्रत्येक पात्याला बारीक केस, आणि त्या केसांवर हाच गंध पकडणारी संवेदनाग्रं. हवेत गंधाचे मोजके रेणू असले तरी नर वाऱ्याच्या उलट दिशेनं उडत मादीपर्यंत पोचतो. पतंगांची ही गंधभाषा रसायनशास्त्राला पहिल्यांदा वाचता आली ती 1959 मध्ये. जर्मनीत अ‍ॅडॉल्फ बुटेनांट यांनी तुतीच्या रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींमधून तो पदार्थ वेगळा काढला. पाच लाख माद्या आणि हाती आले काही मिलिग्रॅम! एका मादीच्या वाट्याला किती येत असेल ते यावरून समजावं.

मीलनानंतर मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते. अंडं तीनेक मिलिमीटरचं, चपटं, कडेनं तपकिरी रेघा असलेलं. आठ-दहा दिवसांत अळी बाहेर पडते, पहिला घास म्हणून बहुधा अंड्याचंच कवच कुरतडते आणि मग पानाकडे वळते.

पान कुठलं? ऐन आणि अर्जुन ही विदर्भातली मुख्य झाडं. झारखंड-ओडिशाकडे साल वृक्षही. पण अळी एवढी हट्टी नाही. बोर, जांभूळ, बोंडारा, हिरडा, रस्त्याकडेला लावलेला देशी बदाम, यांवरही ती वाढते. त्यामुळे रानापासून दूर एखाद्या गावाच्या बोरीवर टसरची अळी सापडली तर नवल नाही.

अळीचं आयुष्य म्हणजे खाणं आणि कात टाकणं. चार वेळा कात, म्हणजे पाच अवस्था. सुरुवातीला पिवळसर-तपकिरी असलेली अळी पुढे हिरवीगार होते. अंगावर उंचवटे, त्यांवर विरळ केस, आणि कुशीच्या बाजूला काही चकचकीत चंदेरी ठिपके. उन्हाची तिरीप पडली की ते आरशाच्या तुकड्यांगत चमकतात. जन्मताना काही मिलिग्रॅम असलेली अळी शेवटी 30 ते 50 ग्रॅमपर्यंत जाते. काही हजार पट! त्यातली बहुतेक वाढ शेवटच्या अवस्थेतली. ऐनाचं वीतभर लांबीचं पान ती तेव्हा बघता बघता संपवते. पावसाळ्यात हे सगळं महिनाभरात उरकतं. थंडीच्या पिकात दिवस लांबतात, दोन महिन्यांच्या आसपास जातात.

आणि हा सगळा वेळ ती उघड्यावर असते. तांबड्या मुंग्या, म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या, लहान अळ्यांना ओढून नेतात. गांधीलमाश्या तुकडे करून नेतात. एक ढेकणाच्या जातीचा किडा सोंड खुपसून अळीतला रस ओढतो आणि रिकामी कातडी फांदीवर लोंबत ठेवतो. प्रार्थनाकीटक, सरडे, खारी, कोतवाल, कावळे यांची गणतीच नको. यातला सगळ्यात कावेबाज शत्रू म्हणजे ऊझी माशी. दिसायला घरमाशीपेक्षा थोडी दांडगी. ती मोठ्या झालेल्या अळीच्या अंगावर अंडं ठेवून निघून जाते. माशीची अळी कातडी भोकसून आत शिरते आणि यजमानाला आतून खात राहते. पुष्कळदा टसरची अळी कोष विणूनही घेते. मग त्या कोशाला बारीक भोक पाडून बाहेर पडतो तो माशीचा मगॉट, पतंग नव्हे.

जी अळी यातून वाचते ती एक दिवस खाणं थांबवते, पोट रिकामं करते आणि जागा शोधू लागते. इथून पुढे मला या प्राण्याचं खरं कसब सुरू होतं असं वाटतं.

तुतीचा किडा कोष कशालाही चिकटवतो. टसरची अळी तसं करत नाही. ती दोन-तीन पानं धाग्यानं ओढून जवळ आणते, त्यांचा आडोसा करते, आणि मग बाहेर डोकावून धागा थेट काटकीपर्यंत नेते. पानाच्या देठावरून काटकीकडे, काटकीभोवती वळसा, परत खाली. असे फेरे मारमारून काटकीभोवती रेशमाचं घट्ट कडं तयार होतं आणि त्या कड्यापासून कोषापर्यंत एक कडक देठ. एवढं झाल्यावरच ती पानांच्या आडोशात मागे येऊन मुख्य कोष विणायला घेते.

हा खटाटोप कशासाठी, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतं. ऐनाची पानं गळतात. कोष नुसता पानाला चिकटलेला असता तर पानाबरोबर खाली आला असता, पाचोळ्यात. आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात पाचोळ्यात पडून राहणं म्हणजे मरण. उंदीर-मुंग्यांचा त्रास वेगळाच. पण मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आग पसरते आणि जमिनीलगतचं सगळं जळून जातं. ज्वाळा बहुधा खालून निघून जातात, वरच्या फांद्या वाचतात. पानं गेली, पण काटकीला कडं घालून टांगलेला कोष जागचा हललेला नसतो.

कोष विणायला चार-पाच दिवस लागतात. अळीच्या शरीरात दोन लांबलचक रेशीमग्रंथी असतात, त्यांच्यातला दाट द्रव खालच्या ओठाजवळच्या एका बारीक नळीतून बाहेर येतो आणि ओढ बसताच घट्ट होऊन धागा बनतो. दोन ग्रंथींचे दोन पदर, वरून सेरिसिन नावाच्या डिंकाचा थर. डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात हलवत अळी आतून थर चढवत जाते. चांगल्या कोशातला धागा उलगडला तर साधारण पाऊण ते एक किलोमीटर भरतो.

शेवटी ती आणखी एक काम करते, जे तुतीचा किडा करत नाही. शरीरातून एक द्रव सोडते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. ऑक्झलेट झाडांच्या पानात मुबलक असतं. अळी ते उत्सर्जनाच्या नळ्यांत साठवत आलेली असते. हा द्रव कोशाच्या भिंतीत जिरतो, धाग्यांमधल्या फटी बुजतात आणि वाळल्यावर भिंत टणक होते. म्हणजे जे अंगाबाहेर टाकायचंच होतं त्याचाच घराला गिलावा. टसरचा कोष बोटांनी दबत नाही तो यामुळे. धागा काढणाऱ्यांची डोकेदुखीही हीच: तुतीचा कोष गरम पाण्यात मऊ पडतो, टसरचा सोडा घालून उकळावा लागतो.

आत अळीची कात शेवटची एकदा पडते आणि गडद तपकिरी पुपा उरतो, म्हणजे अळी आणि पतंग यांच्यामधली अवस्था. आता वर्षातल्या वेळेनुसार दोन रस्ते आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये विणलेला कोष असेल तर पुपा थांबत नाही. काही आठवड्यांत पतंग तयार होतो, दसऱ्याच्या आगेमागे बाहेर पडतो, आणि पुढची पिढी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये वाढते. पण त्या पिढीनं विणलेल्या कोषात पुपा झोपी जातो. या झोपेला डायपॉज म्हणतात. ही थंडीनं आलेली गुंगी नाही, भुकेनं आलेला अशक्तपणा नाही. शरीर स्वतःहून, वेळेआधी, घड्याळ थांबवतं. पुपाच्या मेंदूनं एक संप्रेरक सोडलं की छातीतली ग्रंथी दुसरं संप्रेरक सोडते, आणि त्या हुकमानं पतंगाचं शरीर घडायला लागतं. डायपॉजमध्ये मेंदू पहिलंच संप्रेरक सोडत नाही. पुढचं सगळं अडून राहतं. श्वासोच्छ्वास अगदी मंदावतो, चरबी जपून वापरली जाते, पाणी जवळजवळ खर्चच होत नाही.

मग उठायचं कधी, हे बंद कोशातल्या प्राण्याला कळतं कसं? याचं उत्तर टसरच्या सख्ख्या चिनी नातेवाइकावर, ओकच्या झाडावर वाढणाऱ्या अँथेरिया पर्नाय या पतंगावर केलेल्या प्रयोगांतून मिळालं. ते प्रयोग इतके सुंदर आहेत की इथे जरा रेंगाळतोच.

हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांनी रेशीमपतंगांच्या पुपांवर आयुष्य घालवलं. 1964 मध्ये त्यांनी आणि पेरी अ‍ॅडकिसन यांनी एक युक्ती केली. अपारदर्शक फळीला भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात एकेक पुपा असा बसवला की डोकं फळीच्या एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला. एका बाजूला उजेडाचे तास जास्त, म्हणजे उन्हाळ्याचा मोठा दिवस. दुसऱ्या बाजूला हिवाळ्याचा छोटा. निकाल स्पष्ट होता. डोक्याला मोठा दिवस मिळाला की पुपा जागा होतो. शेपटाला काय मिळतं याला किंमत नाही. या पुपाच्या चेहऱ्यावर, मेंदूच्या नेमकं वर, त्वचेचा एक पारदर्शक तुकडा असतो. कोशातून झिरपलेला मंद उजेड त्यातून सरळ मेंदूवर पडतो, डोळ्यांची गरजच नाही. खात्री करायला त्यांनी काही पुपांचा मेंदू काढून पोटाच्या टोकाला बसवला. आता शेपूट दिवस मोजू लागलं!

1970 मध्ये जेम्स ट्रूमन आणि लिन रिडिफर्ड यांनी याच्यापुढची पायरी गाठली. अमेरिकेतला सेक्रोपिया पतंग कोषातून सकाळी बाहेर पडतो, चिनी टसर दिवस कलल्यावर. त्यांनी दोघांच्या पुपांतले मेंदू काढून एकमेकांच्या पोटात ठेवले. मज्जातंतू जोडले नव्हते, मेंदू नुसता आत तरंगत होता. तरीही चिनी टसरचा मेंदू मिळालेला सेक्रोपिया संध्याकाळी बाहेर पडला आणि सेक्रोपियाचा मेंदू मिळालेला चिनी टसर सकाळी. म्हणजे घड्याळ मेंदूत आहे आणि त्याचा हुकूम रक्तातून जातो.

आपल्या टसरकडे परत येऊ. इथेही मेमध्ये लांबणारे दिवस हा इशारा असतोच. शिवाय पहिल्या पावसासोबत उतरणारं तापमान आणि वाढणारी दमट हवा. जूनच्या शेवटापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत कोष फुटू लागतात. ऐनाला नवी पालवी मे-जूनमध्ये फुटलेली असते. पतंग बाहेर, आठवड्याभरात अंडी, त्यानंतर आठ-दहा दिवसांत भुकेल्या अळ्या, आणि समोर निबर न झालेलं कोवळं-मध्यम पान. वेळ अशी साधलेली असते.

बाहेर पडायची रीतही बघण्यासारखी आहे. एवढ्या टणक कोशातून दात नसलेला, जबडा नसलेला पतंग कसा निघतो? ‘धागे कुरतडून’ असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं दिसतं. ते चूक आहे. 1964 मध्येच फोटिस काफाटोस आणि विल्यम्स यांनी ते दाखवलं. वर म्हटलं की पतंगाची सोंड नावापुरती असते. या सोंडेच्या बुडाचे दोन छोटे लोंबते भाग खाण्याच्या कामातून मोकळे झाल्यावर एकच काम करतात: कोकूनेज नावाचं विकर बनवणं. बाहेर पडण्याच्या आधी ते विकर त्यांच्यावर कोरड्या थराच्या रूपात जमा होतं. वेळ आली की तोंडाजवळच्या दुसऱ्या ग्रंथीतून द्रव येतो, विकर त्यात विरघळतं आणि पतंग ते कोशाच्या देठाकडच्या टोकाला आतून लावतो. कोकूनेज सेरिसिन पचवतं, म्हणजे डिंक; रेशमाच्या मूळ धाग्याला ते हात लावत नाही. डिंक सुटला की धागे सैल होतात आणि पतंग डोकं-खांदे रेटत, धागे बाजूला सारत बाहेर येतो. ओलाचिंब, चुरगळलेल्या पंखांचा. काटकीला लटकून तो पंखांत द्रव भरतो, ते ताठ होतात, रात्र पडते.

या प्रकाराचा परिणाम कापडावर होतो. पतंग निघून गेलेल्या कोशात धागे विस्कटलेले असतात, त्यातून सलग तार निघत नाही. मग तो पिंजून-कातून जाडसर सूत करतात. सलग चमकदार तार हवी असेल तर पतंग निघण्याआधी वाफेनं किंवा उन्हानं आतला पुपा मारावा लागतो. रेशमाची साडी नेसताना ही बाब माहीत असलेली बरी.

माणसाचा या पतंगाशी संबंध किती जुना? सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या उत्खननात सापडलेले रेशमाचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ते इसवीसनापूर्वी सुमारे 2450 ते 2000 या काळातले आणि टसरसारख्या रानपतंगांचे. चीनकडून आलेलं तुतीचं रेशीम नव्हे. महाराष्ट्रातही नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरात तांब्याच्या मण्यांच्या माळेत रेशमाचा धागा ओवलेला मिळाला आहे.

आज विदर्भात टसर वाढवणारे पुष्कळ जण ढिवर समाजातले. एरवी तलावात मासेमारी, आणि पावसाळा-हिवाळ्यात ऐन-अर्जुनाच्या रानात कोसा. आरमोरीच्या परिसरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अंडी फुटली की अळ्या झाडावर सोडायच्या, एका झाडाचं पान संपत आलं की अळ्यांसकट फांद्या छाटून दुसऱ्या झाडावर न्यायच्या, आणि सूर्योदयापासून रात्रीपर्यंत पक्ष्यांवर गोफण घेऊन पहारा करायचा. मध्य भारतात टसर पाळणाऱ्यांमध्ये अळ्या झाडावर असेपर्यंत सोवळं पाळायची, मांसाहार वर्ज्य करायची जुनी चाल आहे. शहरी माणूस याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. पण अळ्यांचे काही रोग स्पर्शानं आणि घाणीनं पसरतात, आणि हात धुवून, ठरावीक माणसांनीच रानात जाण्याची शिस्त त्यांना आड येते, हेही खरं.

या रोगांतला सगळ्यात चिवट पेब्रिन. नोसीमा नावाचा सूक्ष्मजीव तो घडवतो. त्याचे बीजाणू मादीच्या अंगातून अंड्यात उतरतात, म्हणजे पिलू आजारी होऊनच जन्मतं. औषध नाही. उपाय सापडला तो लुई पाश्चर यांना, 1865 ते 1870 या काळात, दक्षिण फ्रान्समध्ये तुतीच्या किड्यांची साथ अभ्यासताना. अंडी तपासत बसू नका, आई तपासा. टसरच्या बीजकेंद्रात आजही हेच चालतं. प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवतात, अंडी घालून झाली की तिचं पोट खलात घोटून एक थेंब काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसले की त्या मादीची सगळी अंडी जाळून टाकायची. जी उरतात ते रोगमुक्त अंडीपुंज. शेतकऱ्याच्या पूर्ण हंगामाचं भवितव्य त्या एका थेंबावर ठरतं. हे काम कंटाळा करून चालण्यासारखं नाही.

कोशांपासून निघालेल्या तारेचं पुढे कापड होतं. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावसारख्या गावांत कोष्टी विणकर कोशाची साडी विणतात. काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी असलेल्या विदर्भातल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. टसरला रंग न देताच मधाळ, तांबूस-पिवळी छटा येते. ती पानातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांची.

टसर सगळीकडे एकसारखा नाही. रानारानाप्रमाणे त्याचे स्थानिक प्रकार पडले आहेत. 40 हून अधिक नोंदले गेलेत. झारखंडचा डाबा, ओडिशातल्या सिमलीपालचा मोडल, बस्तरचा रैली, आणि आपल्याकडचा ‘भंडारा’. कुणाचा कोष मोठा, कुणाचा टणक. कुणी वर्षाला एकच पिढी काढतो, कुणी दोन, कुणी तीन. उंच, थंड रानात एक. सखल, उबदार रानात दोन-तीन. म्हणजे डायपॉजचं ते घड्याळ त्या त्या रानाच्या हवेप्रमाणे लावलेलं आहे. त्यामुळेच परगावचं बी आणून सोडलं की पुष्कळदा गडबड होते. पतंग भलत्याच वेळी निघतात.

अवेळी निघणं ही पाळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. बियाण्यासाठी टांगून ठेवलेल्या कोषांतले काही पतंग एप्रिल-मेमध्येच बाहेर पडतात. तेव्हा जोडीदार मिळणं मुश्कील, आणि मीलन होऊन अंडी झालीच तर अळ्यांना पान नसतं. शिवाय साठवणीच्या खोलीत उष्मा फार वाढला तर पुपे आतल्या आत मरतात. रानात फांदीवर टांगलेल्या कोषाला वारा लागतो. पत्र्याखाली कोंबलेल्या माळांना लागत नाही. म्हणून जाणते लोक बीजकोषांची खोली गवतानं शाकारतात, भिंतींवर पाणी मारतात, कोष अंतर राखून टांगतात.

रानात हिंडताना कोष हाती लागला तर त्याचं काय झालंय ते काही खुणांवरून कळतं. देठाच्या टोकाला मोठं, सैल धाग्यांचं तोंड आणि कडेला तपकिरी डाग: पतंग सुखरूप गेला. कुशीला कडा स्वच्छ असलेलं बारीक भोक: ऊझी माशी किंवा दुसरा परजीवी जिंकला. ओबडधोबड फाडलेलं मोठं भगदाड: खार, उंदीर किंवा पक्षी. कुठेच भोक नसेल तर काटकी न तोडता कोष कानाजवळ धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर पुपा वाळून गेलाय. खुळखुळ नाही आणि हाताला वजन लागतंय, तर आत जिवंत आहे. तो काटकीवरच राहू द्या आणि जूनअखेरीस, दोन-चार दमदार सरी पडून गेल्यावर, संध्याकाळी तिथे परत चक्कर मारा.